वेताळ टेकडीवरची उन्हाळी फेरी : चैत्र ते मृग, नोंदवही

६ एप्रिल : वाट आखणे

आज नोंद काहीच केली नाही, फक्त वाट ठरवली. पुण्यातल्या या टेकडीवर रोज शेकडो माणसं फिरतात आणि पक्षी, साप, फुलं बघतात, पण प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या वेगाने. त्यामुळे एप्रिलमधलं बघणं आणि जूनमधलं बघणं शेजारी ठेवता येत नाही. या प्रकल्पात वाट, वेळ आणि चाल या तिन्ही गोष्टी एकदा ठरवायच्या आणि मृग लागेपर्यंत बदलायच्या नाहीत.

वाट साधारण ३ किलोमीटरची आहे. सुरुवात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडच्या पठारावर, तिथून गिरिपुष्पाच्या झाडांच्या लागवडीतून खाणीच्या काठाला, खाणीच्या वरच्या उघड्या माळावर, वेताळाच्या देवळाखालून लॉ कॉलेजच्या बाजूला उतरणाऱ्या ओढ्यापर्यंत. थांबे ६. कोणत्याही दोन थांब्यांत किमान ३०० मीटर अंतर ठेवलंय, नाहीतर एकाच मोराचा आवाज दोन्हीकडे मोजला जातो. प्रत्येक थांब्यावर ५ मिनिटं उभं राहून दिसलेले-ऐकलेले पक्षी-प्राणी मोजायचे. मधल्या चालीला दोन तास धरले, म्हणजे फेरी अडीच तासांची.

सुरुवात सूर्योदयाबरोबर. पुण्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सूर्य ६:२५ च्या सुमाराला उगवतो, मेच्या मध्यावर ६ च्या आसपास. म्हणून घड्याळाची वेळ दर फेरीला थोडी मागे सरकेल, सूर्याशी असलेलं नातं मात्र तेच राहील.

तक्त्याचे रकाने असे : वेळ, थांबा, जात, संख्या, दिसला की ऐकला, अंतर (२५ मीटरच्या आत, २५ ते ५०, त्यापलीकडे) आणि शेवटचा रकाना थर. थर म्हणजे प्राणी कुठे होता : झाडाच्या शेंड्यात, झुडपात, की जमिनीवर. हा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. इथे तो मुद्दाम घेतलाय, कारण टेकडीचा प्रत्येक उघडा तुकडा ‘ओसाड’ म्हणून मोजला जातो. तो खरंच ओसाड आहे का, हे या रकान्यातून कळावं.

अंतर डोळ्यांनी ओळखायला सराव लागतो. सावकाश चालीचं एक पाऊल ७५ सेंटीमीटर धरलं, तर २५ मीटर म्हणजे ३३ पावलं. प्रत्येक थांब्यावर चारही बाजूंना ३३ पावलांवर एक झाड किंवा खडक हेरून ठेवला. मोजताना त्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच ठरवायचं.

१३ एप्रिल : पहिली फेरी

वारा नाही, आकाश स्वच्छ. माणसं तीन : एक बघणारा, एक ऐकणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने दुर्बीण गळ्यात घालायचीच नाही, नाहीतर लिहिणं राहतं.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. १०×५० वजनाला जड पडते आणि चढ चढून धाप लागलेल्या हातात हलते. सकाळच्या अंधुक उजेडात ८×४२ मधून येणारा प्रकाशाचा ठिपका सव्वापाच मिलिमीटरचा असतो (४२ भागिले ८), आणि डोळ्याच्या बाहुलीला त्या वेळी तेवढा पुरतो.

पठारावर कोतवाल, चिरक, लालबुड्या बुलबुल. चिरक नर घाणेरीच्या झुडपावरून शेपटी वर करून गात होता, मादी खाली मुरुमात किडे वेचत होती. गिरिपुष्पाच्या पट्ट्यात सातभाईंचा थवा, पाचोळा उलटापालटा करत. खाणीच्या काठावर खंड्या, वंचक आणि पाण्यात टिबुकली. खाणीच्या कपारींतून डोंगरी पाकोळ्या आत-बाहेर. माळावर डोंबारी : नर हवेत चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला लागायच्या आत पुन्हा वर उचलला जातो, आणि प्रत्येक कोसळण्याबरोबर एक लांब शीळ. डोंबाऱ्यासारख्या या कसरतीवरूनच त्याला ते नाव पडलं. लॉ कॉलेजकडच्या उतारावर सुभग, शिंपी आणि कुठेतरी खाली पिंपळावर तांबटाची टकटक.

हिवाळी पाहुण्यांपैकी थिरथिऱ्या आज नाही. तक्त्यात ० लिहिलं. ‘०’ आणि ‘–’ यांत फरक ठेवायचा : ० म्हणजे शोधला आणि नव्हता, – म्हणजे शोधलाच नाही. रिकामी सोडलेली चौकट पुढच्या वर्षी कुणालाच वाचता येत नाही.

झाडं : पळस, पांगारा संपले. सालई पूर्ण निष्पर्ण, तिची कागदासारखी साल सुटून वाऱ्याला फडफडतेय. गणेराची बोंडं उकललीत आणि आतला कापूस उडतोय. बहाव्याला नुकते घोस धरायला लागलेत.

२१ एप्रिल : दुहेरी मोजणी आणि शेंगांचा आवाज

मोरांचा आकडा मागच्या फेरीच्या दुपटीहून जास्त आला. तो चुकीचा आहे. हा मोरांचा विणीचा हंगाम, आवाज खूप, आणि एका मोराची ओरड दोन थांब्यांवर सहज पोचते. खाणीच्या कड्याला आपटून ती परत येते आणि एकाच्या जागी दोन मोर ऐकू येतात. उपाय : फक्त ऐकलेल्या मोरांना संख्या द्यायची नाही. त्यांची दिशा आणि वेळ लिहायची, आणि पुढच्या थांब्यावरून त्याच दिशेला ओरड आली तर तोच मोर धरायचा. संख्या केवळ दिसलेल्यांची. आजचा मोरांचा आकडा खोडून ‘आवाज ५ दिशांनी, दिसले २’ असं लिहिलं.

गिरिपुष्पाच्या पट्ट्यात पाच मिनिटांत नऊ वेळा ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. फांदी मोडली, की कुणी पाचोळ्यातून चाललंय, असा समज होतो. गिरिपुष्पाच्या वाळक्या शेंगा उन्हाने ताणल्या जाऊन अशा फुटतात. दोन्ही कवचं पिळ घालत उलगडतात आणि बिया काही मीटर लांब फेकल्या जातात. तिथे जाऊन पाहिलं तर जमिनीवर पिळदार कवचांचा सडा होता.

या झाडाबद्दल एक खुलासा इथेच. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, मुरुमात तग धरतं आणि भराभर वाढतं, म्हणून टेकड्यांवर लागवडीसाठी ते निवडलं गेलं. उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव त्याच्या विषारीपणावरून आलंय. एप्रिलमध्ये ते निष्पर्ण असतं, त्यामुळे सावलीची ज्या महिन्यात सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यात ते सावली देत नाही. आजच्या फेरीत या पट्ट्यात झाडांच्या शेंड्यांत कमी आणि खाली पाचोळ्यात जास्त पक्षी होते. थराचा रकाना पहिल्यांदा कामी आला.

२८ एप्रिल

फेरी ४० मिनिटं उशिरा सुरू झाली. ८ नंतर वारा सुटला, माळावर ऐकू येणं बंद. साडेआठला जमिनीवरची हवा थरथरायला लागली आणि ५० मीटरपलीकडचे चंडोल नुसते पाण्यात हलणाऱ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले. जाती निम्म्यावर आल्या. टेकडीवरचे पक्षी कमी झालेले नाहीत, आपण उशिरा गेलो. ही फेरी तुलनेतून वगळली, तक्ता मात्र फाडलेला नाही.

५ मे : पाण्याची भांडी

वाटेवर लोकांनी ठेवलेली पाण्याची भांडी मोजली आणि तपासली. मनापासून केलेलं काम आहे, म्हणूनच ते नीट व्हायला हवं. मिळालेले दोष : प्लॅस्टिकचे डबे खोल आणि गुळगुळीत, त्यात पाकोळीचं पिल्लू किंवा मधमाशी पडली की बाहेर येत नाही; काही भांडी थेट झुडपाच्या बुंध्याशी, म्हणजे मांजराला दबा धरायला आयती जागा; काहींत पाणी हिरवं आणि डासांच्या अळ्यांनी भरलेलं.

चांगलं भांडं म्हणजे मातीची किंवा सिमेंटची पसरट परात. कडेला खोली २ सेंटीमीटर, मध्ये ५. तळ खरखरीत. मध्ये एक दगड, पाण्याच्या वर टोक येईल असा, मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी. झुडपापासून दोन-अडीच मीटर दूर : पक्ष्याला पळून झुडपात शिरता यावं, पण मांजराला एका उडीत गाठता येऊ नये.

पाणी किती लागतं याचा हिशोब केला पाहिजे, कारण बहुतेक भांडी पक्षी पितात म्हणून रिकामी होत नाहीत, उन्हाने होतात. मेच्या कोरड्या उन्हात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जातं. ६० सेंटीमीटर व्यासाच्या परातीचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. १० मिलिमीटर उडालं म्हणजे २.८ लिटर गेले. कडेची २ सेंटीमीटर खोली दोन दिवसांत कोरडी. म्हणून आठवड्यातून एकदा कॅन घेऊन येणाऱ्या माणसाने पाच भांडी ठेवण्यापेक्षा एकच ठेवावं आणि ते एक दिवसाआड भरावं. भरण्याआधी जुनं पाणी जमिनीवर ओतून काथ्याने तळ घासायचा. डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. आठवडाभर पाणी हललं नाही तर त्यातून डास उडतातच.

निम्म्याहून जास्त भांडी पायवाटेला लागून आहेत, कारण ठेवायला सोपी. तिथे पाणी पितात ते कुत्रे. वाटेपासून ३० मीटर आत सरकवलेल्या एका परातीवर तासाभरात बुलबुल, सातभाई, मुनिया, खार आणि एक मुंगूस.

८ मे

देवळाखालच्या उतारावर वणव्याचा काळा पट्टा, दोन दिवसांपूर्वीचा असावा. धग नाही. कुसळी गवताचे बुंधे जमिनीलगत जळलेत, पण ते मेलेलं नाही. आगीनंतर तेच पहिलं उठतं आणि आग सोसू न शकणाऱ्या गवतांची जागा घेतं. तित्तिरांचा आडोसा गेला. जळक्या पट्ट्यात आज माळटिटव्या आणि डोंबारी होते, तित्तिर ०. वणवा किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. कळवताना ‘वेताळ टेकडी’ एवढंच सांगून भागत नाही, टेकडीला अनेक बाजूंनी वर येता येतं. कोणत्या बाजूने चढायचं ते सांगावं, आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत.

१३ मे : माळटिटवीचं घरटं

सकाळी ७:२०, थांबा ४, उघडा माळ. माळटिटवीची एक जोडी. एक पक्षी आमच्यासमोर धावत, थांबत, पुन्हा धावत लांब नेत होता. दुसरा कुठेच नाही. अशा वेळी पुढे जायचं नाही. आहे तिथेच बसून राहिलं की दहा-बारा मिनिटांत दुसरा पक्षी परत येतो आणि जिथे बसतो तिथे घरटं असतं. तसंच झालं.

घरटं म्हणजे मुरुमातला तळहाताएवढा खळगा, काठावर खडे. अंडी ४, टोकं आत केलेली. रंग मुरुमाचाच : मातकट, त्यावर काळपट ठिपके. टेलिस्कोपमधून ठाऊक असलेल्या जागेवर नजर रोखूनही अंडी पुन्हा पुन्हा हरवतात. त्यावरून चालत जाणाऱ्याला ती दिसण्याचा प्रश्नच नाही.

आज पुण्यात शून्य सावलीचा दिवस. दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणून दुपारी १२ ते १ पुन्हा येऊन ४० मीटरवरून, हिवराखाली बसून पाहिलं. मुरुमाला हात टेकवत नव्हता. मादी असो वा नर, पाळीवर असलेला पक्षी अंड्यांवर बसलेला नव्हता, उभा होता. पाय किंचित फाकवून, पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, गळा धपापत. त्याला बाजूला सावली नव्हती. सगळी सावली सरळ खाली पडत होती, आणि तेवढ्या सावलीत चारही अंडी मावत होती. १२:४० ला जोडीदार आला. त्याच्या पोटाची पिसं ओली होती, गडद दिसत होती. तो खाणीच्या पाण्यात बसून पोट भिजवून आला होता. अंड्यांवर क्षणभर बसला, ओल टेकवली, उठला आणि सावली धरून उभा राहिला. पाळीवरचा पक्षी खाणीकडे उडाला.

या उन्हात अंडी उबवावी लागत नाहीत, थंड ठेवावी लागतात. पक्षी काही वेळ उठून गेला तरी अंडी शिजू शकतात. मोकळा सोडलेला कुत्रा, फोटोसाठी जवळ गेलेला माणूस, माळावर चटई टाकून बसलेला गट, यांतल्या कुणीही अंड्याला स्पर्श न करता घरटं संपवू शकतो.

नोंदीची पद्धत : घरट्याजवळ काठी, झेंडी, दगडांची रास काहीही लावायचं नाही, कावळे खुणा ओळखतात. अक्षांश-रेखांश फक्त वहीत. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना घरट्याचा उल्लेख नाही. घरट्यावर पुन्हा जायचं नाही. वाटेवरूनच दुर्बिणीने पाळीवरचा पक्षी आहे की नाही एवढं बघायचं. अंडी फुटायला सुमारे ४ आठवडे लागतात. ती कधी घातली ते ठाऊक नाही, तेव्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही.

१९ मे : खड्डे

त्याच माळावर पावसाळी वृक्षारोपणासाठी खड्डे काढायला सुरुवात झालीय. खड्डा ६० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि खोल. दोन खड्ड्यांत ३ मीटर. सर्वांत जवळचा खड्डा घरट्यापासून १४ पावलांवर. काम करणाऱ्या मजुरांचा यात काहीच दोष नाही, त्यांना चुन्याच्या खुणा दिल्या होत्या त्यावर ते खणत होते. काम एका संस्थेचं. त्यांच्या माणसांशी बोलणं झालं. ‘इथे तर काहीच नाहीये’ हेच त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं बोलत नव्हते. उभ्याने बघितलं तर तिथे खरंच काही दिसत नाही.

त्यांना पाच फेऱ्यांचे तक्ते दाखवले. थांबा ४ वर थराच्या रकान्यात ‘जमीन’ सोडून जवळजवळ दुसरा शब्द नाही : डोंबारी, चंडोल, तित्तिर, माळटिटवी, लावा, ससा (लेंड्यांवरून), घोरपड (शेपटीच्या फरफटीवरून). यांतल्या एकालाही झाड नको आहे. झाडाच्या शेंड्यावर शिक्रा आणि कावळे बसतात, तिथून माळ दिसतो, म्हणून चंडोल उंच झाडाच्या आसपास अंडी घालायचं टाळतात. शिवाय या माळावर मुरूम इतका उथळ आहे की दोन फुटांवर कातळ लागतो. तिथे लावलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात टँकर नसेल तर जगत नाही. खड्ड्याने मात्र गवताची मुळं उखडतात आणि वर आलेल्या सैल मातीत पहिलं तण येतं ते घाणेरी आणि रानमोडीचं.

झाडं लावायचीच तर लॉ कॉलेजकडच्या ओढ्यात, माती खोल आहे तिथे, आणि टेकडीचीच : सालई, मेडशिंगी, हिवर, खैर, बारतोंडी, गणेर. वनरक्षकांनाही जागा दाखवली. माळावरचं खोदकाम थांबवायचं ठरलं. काढलेले खड्डे ३२.

२३ मे : वैशाखी पौर्णिमा, संध्याकाळची जादा फेरी

वनकर्मचाऱ्यांना आधी कळवून, चार माणसं, बॅटरीवर लाल कागद. थांबा फक्त १ आणि ४. सूर्यास्त ७ वाजून ४ मिनिटांनी, त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र.

७:२२ ला पहिला रातवा. चक्-चक्-चक्-चक्रर्र : फरशीवर टाकलेली गोटी उसळत उसळत थांबावी तसा, शेवटी जवळजवळ एकात एक मिसळलेला. चांदण्या रात्री रातवे जास्त वेळ ओरडतात आणि जास्त वेळ शिकार करतात, त्यांना उडते किडे आकाशाच्या उजेडावर दिसतात. म्हणून ही मोजणी पौर्णिमेच्या आसपास घ्यायची आणि पुढच्या वर्षीही पौर्णिमेलाच. अमावास्येच्या आकड्याशी ती जोडायची नाही. याच रात्री राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतात, कारणही तेच : उजेड.

बॅटरीचा झोत जमिनीलगत फिरवला की रातव्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. दोनदाच फिरवला. रातवाही जमिनीवरच अंडी घालतो, खळगासुद्धा करत नाही, आणि मे हा त्याचाही हंगाम आहे. अंधारात वाट सोडायची नाही, याला दुसरं कारण फुरसं, हा विषारी साप. उन्हाळी संध्याकाळी ते दगडाखालून बाहेर येतं, वीतभराचं असतं आणि मुरुमावर दिसत नाही. चपला घालून कुणी आलं तर त्याला परत पाठवायचं.

२७ मे : रोहिणी

दोन दिवसांपूर्वी रोहिणी नक्षत्र लागलं. पावशा पहाटेपासून ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणतोय, स्वर दर वेळी एक पायरी चढत. मर्लिन ॲपने आज पावशा बरोबर ओळखला, पण कोतवालाने केलेली शिक्र्याची नक्कल शिक्रा म्हणून दिली. आवाजावरून ॲपने दिलेलं नाव डोळ्यांनी किंवा दुसऱ्या कानांनी पक्कं झाल्याशिवाय तक्त्यात घ्यायचं नाही.

काल संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली. आज सकाळी थांबा २ आणि ३ च्या मध्ये, ओल्या जमिनीतल्या पेन्सिलीएवढ्या भोकातून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडत होती. भोकाच्या तोंडाशी मोठ्या डोक्याच्या शिपाई वाळव्यांचं कडं. आतून एकेक पंखवाली वर येते, गवताच्या काडीवर चढते, क्षणभर थांबते आणि उडते. उडणं नीट जमत नाही, गिरक्या घेत वर जाते. पहिल्या पाच मिनिटांत कोतवाल, वेडे राघू, साळुंक्या. मग वर पाकोळ्या, त्याहून वर घारी, पायांनी हवेतच पकडून उडता उडता खाणाऱ्या. जमिनीवर सातभाई आणि सरडे. पावणेआठला भोक बंद. जमिनीवर पंखांचा थर राहिला, चारचे चार पंख एकाच रेषेवर तुटलेले. उरलेल्यांपैकी काही जोड्या एकामागे एक चालत चिरेत शिरताना दिसल्या.

अशा दिवशी थांब्यावरच्या पाच मिनिटांत संख्या फुगते. तक्त्यावर ‘वाळवी उडाली’ असा शेरा ठळक लिहायचा, नाहीतर वळवाच्या सरीमुळे पक्षी वाढले असं वर्षाच्या शेवटी कुणीतरी म्हणेल.

२ जून : नवरंग

थांबा ६, ओढा (फेरीबाहेरची नोंद). ६:०५ ला दोन सुरांची शीळ, दुसरा सूर खाली उतरणारा. नवरंग. पाच मिनिटांत तीन वेळा, मग गप्प. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलतो. तामिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडावर वर येतो. ६:३० ला दिसला : गिरिपुष्प आणि करवंदीच्या जाळीखाली, ओलसर पाचोळा चोचीने उडवत, आखूड शेपटी खालीवर करत. बुडाचा लाल आणि खांद्यावरचा निळा एवढा भडक असूनही तो हलला नाही तर पाचोळ्यात दिसत नाही.

इथे गिरिपुष्पाच्या पाचोळ्याला श्रेय द्यायला हवं. लागवडीच्या मध्यात नाही, पण ओढ्याच्या काठी जिथे गिरिपुष्प देशी झुडपांत मिसळलंय, तिथे पाचोळा खोल आहे आणि त्याखाली गांडुळं, गोगलगायी आहेत. हे झाड सरसकट तोडावं असं या नोंदींवरून म्हणता येत नाही. विरळ करून मधे मेडशिंगी, बारतोंडी घालणं जास्त बरं.

फोनवर नवरंगाचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाही. तो हद्द राखायला आलेला असतो. दुसरा नर आल्याचं समजून तो अन्न शोधायचं सोडून तासन् तास त्या आवाजाशी भांडतो. आज दोन ठिकाणी आवाज वाजवणारे गट होते, सांगितल्यावर दोन्हींनी बंद केला. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

माळटिटवी : पाळीवरचा पक्षी आहे.

९ जून : मृग

मृग लागलं आणि रात्री पाऊस पडला. जमीन चार बोटं ओली. थांबा १ वर मृगाचे किडे : मखमली, शेंदरी-लाल, हरभऱ्याच्या डाळीएवढे. पाय आठ, म्हणजे हा किडा नव्हे, कोळ्याच्या नात्यातला. वर्षभर मातीत राहतो आणि पहिल्या पावसानंतर काही दिवस सकाळी वर येतो. ऊन चढलं की मातीत जातो, म्हणून ९ च्या आत मोजायचा. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट पाच ठिकाणी टाकून मोजले. चौकट टाकण्याआधी जागा बघून टाकायची नाही, मागे वळून टाकायची. नाहीतर हात आपोआप लाल ठिपक्यांकडे जातो.

कुसळं जवळून पाहण्याचा हाच दिवस. जमिनीवर पडलेल्या कुसळाचं शेपूट कोरडेपणी दोरासारखं पिळलेलं आणि मध्ये कोपरासारखं वाकलेलं असतं. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. दोन-तीन सेकंदांनी पीळ उलगडायला लागला, वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू फिरलं. टोक गवतात अडकलं की फिरणं बियाकडे जातं आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. पुन्हा ऊन, पुन्हा पीळ; बियाच्या टोकावरचे मागे वळलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. मोज्यांतून कातडीत घुसणारं कुसळ हेच काम करत असतं, घाम त्याला पुरतो. ते उलटं ओढलं तर तुटतं, म्हणून टोचलेल्या दिशेने पुढे काढायचं.

७:४० ला पहिला चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पिपी-प्यू ओरडत दोन सातभाईंच्या मागावर. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. आता सातभाईंचे थवे मोजताना त्यांच्यात वेगळं पिल्लू आहे का हेही बघायचं.

चितूर बोलायला लागले. एप्रिलपासून राखी तित्तिरच ऐकू येत होते. चितूर पावसाची वाट बघतो.

माळटिटवी : पाळीवर कुणी नाही. घरट्याकडे गेलो नाही.

१६ जून : शेवटची फेरी

पाऊस बारीक, वारा पश्चिमेचा. तक्ता प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि पेन्सिलीनेच, शाई पसरते. माळ हिरवट दिसायला लागलाय. एका काळ्या खडकावर युवराज पक्ष्याचा नर गात होता, तुरा उभा, पंख विटकरी.

खड्ड्यांत पाणी साचलंय, कुठे वीतभर, कुठे जास्त. कडा सरळ आहेत. ३२ पैकी ३ खड्ड्यांत बेडूक, एकात मेलेला सरडा. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्या दिवसापासून पायावर चालतात, उडता मात्र महिनाभर येत नाही. असा खड्डा म्हणजे त्यांना विहीर. खड्डे पूर्ण बुजवण्याची परवानगी मागितलीय. तोवर प्रत्येक खड्ड्यात एका बाजूला दगड रचून काठापर्यंत उतार केला. एका खड्ड्याला ८ ते १० दगड लागतात, सर्वांत मोठा तळाला, वरचे हलत नाहीत ना ते हाताने दाबून बघायचं. आज १९ झाले. उरलेले १३ परवा.

थांबा ४, ७:३५. माळटिटवी, मोठे २, पिल्लं ३. दिसले. अंतर २५ ते ५०. थर : जमीन.